तिघांतले दोघं

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतावर माझा काडीचा इश्वास न्हाई. कसा असंल? आमच्या यवतच्या ओढ्यात अमावस्येला बाई रडायची ना... ती बाई मीच व्हतो. आवाज काढायची खोड लहानपणापासनं. हेडमास्तर, एष्टीचा कंडक्टर, भोंग्यावरनं कांदे इकणारा – कुणाचाबी सांगा, काढून देतो. म्हणून तर ह्या प्रकरणात सगळे माझ्याकडंच बोट दाखवत्यात. त्या सगळ्यांना उत्तर म्हणून लिहितोय. पुरतं वाचा, मग काय ते बोला.

नव्वदचं दशक सरत आलेलं. माझे पोपटमामा विमानदलात फिटर व्हते. रिटायर झाले, दौंडला घर बांधलं आन् उरलेला पैसा घातला कशात? तर यारीत. यारी म्हंजी विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर खेचायचं मशिन. इंजिन, ड्रम, वायररोप आन् रोपाला लोंबणारी बकेट. माणसंबी त्याच बकेटीतनं खाली-वर करत्यात.

मामा विमानातनं उतरले, पण मामांच्या डोक्यातनं विमान काय उतरलं न्हाई. "विमानात जिवाची कुठलीच गोष्ट एकटी नसती," ते जेवता जेवता सांगायचे. "हायड्रॉलिकची एक लाईन फुटली तर दुसरी पाहिजे. आन् दोन्ही एकाच भोकातनं न्यायच्या न्हाईत – एका घावात दोन्ही जातील. अरं, दोन पायलट जेवत्यात तेबी येगयेगळं! एकाला भाजी बाधली तर दुसरा शुद्धीवर पाहिजे."

मी म्हणलं, "मामा, मग मामीबी दोन पाहिजेत की."

मामी चुलीपासनं म्हणली, "आणू दे की. भाकऱ्या तरी ती थापंल."

तर मामांनी यारीचंबी विमान केलं. बकेटीला दुसरा रोप लावला – येगळ्या खांबावरनं, येगळ्या कप्पीतनं, हातानं फिरवायचा. बाकीचे यारीवाले हसायचे. पण मामांचा खरा जीव इशाऱ्यात. तळातल्या माणसानं घंटीची दोरी ओढायची, हा एक. त्यानंच तोंडानं हाळी द्यायची, हा दोन. आन् विहिरीच्या कडेला उभे राहून आत बघणारे मामा, हे तीन. तिघांतले दोघं 'हो' म्हणले तरच यारी उचलायची. थांबवायला मात्र एकटा पुरे.

"नव्या विमानात कॉम्प्युटर तीन असत्यात," मामा म्हणायचे. "एक येडा झाला की दोघं मिळून त्याला गप करत्यात. दोनच ठेवले आन् त्यांचं जुळलं न्हाई, तर खरा कोण? दोन म्हंजी भांडण, तीन म्हंजी निकाल."

मामा कडेवरनं "होल्ड!" म्हणले की यारी चालवणारा बाळूभाऊ डोळे झाकून ब्रेक मारायचा. तो 'होल्ड' मी लई भारी काढायचो. एकदा विहिरीवर काढला, बाळूभाऊनं ब्रेक मारला, आन् मामांनी माझ्या कानाखाली. तवापासनं विहिरीवर बंद, फकस्त चहाच्या टपरीवर चालू. एकच गोष्ट मला कवाच जमली न्हाई. मामांचा पुढचा एक दात पडलेला. ओरडायच्या आधी ते श्वास आत घ्यायचे तवा त्या फटीतनं बारीक शिट्टी वाजायची. महिनोन्महिने आरशासमोर बसलो, पण माझे दात शाबूत... ती शिट्टी काय येईना.

मग मामांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. कायमचा. मामा दौंडला घरी. इकडं विहिरीच्या कडेला त्यांचं बसायचं पालथं घमेलं तेवढं राहिलं. तिसरा माणूस ठेवायचा कुणी? बाळूभाऊ म्हणला, "दोन पुरेत की रं." मीबी म्हणलं, पुरेत.

पाबळच्या पल्याड आप्पांच्या मळ्यात विहीर चालली व्हती. दुपारचं लख्ख ऊन. सुरुंग उडवून झालेला, मी तळात माल भरायला. धुराचा वास घशात बसत व्हता, म्हणून ओला गमछा तोंडावर घट्ट आवळलेला. काम झालं. घंटी ओढली, गमछा खाली करून हाळी दिली, परत वर बांधला आन् बकेटीत बसलो. दोन इशारे, दोन्ही बरोबर. यारी उचलली.

निम्म्यावर आलो आन् वरनं –

"होल्ड!"

बाळूभाऊनं ब्रेक मारला. बकेट गपकन थांबली, मी लोंबकळत.

"तुझ्या आयला!" बाळूभाऊ वरनं खेकसला. "अधांतरी बसूनबी चाळे?"

मी गमछा ओढला. "मी कुठं बोललो? वर कोण हाय?"

"वर कोण असणार? तूच!" मग जरा थांबून म्हणला, "पण मानलं मर्दा. आज शिट्टीबी जमली की तुला."

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. कारण ती शिट्टी मीबी ऐकली व्हती. कडेवरनं, घमेल्याच्या बाजूनं. मान वर करून बघितलं... तिथं घमेलं आन् आभाळ.

मला शिव्या घालत बाळूभाऊनं सहज कप्पीकडं बघितलं, आन् शिवी अर्ध्यावर टाकून तो गड्यांना हाका मारायला लागला. ड्रमवर रोप नीट गुंडाळत चाललेला, पण कप्पीच्या तोंडाशी त्याच्या तारा तुटून झाडूगत पिंजारल्या व्हत्या. दोन-चार तारांवर मी. अजून हातभर रोप कप्पीवरनं सरकला असता, तर आज हे लिहायला मी नसतो. मग गड्यांनी दुसऱ्या खांबावरचा हातरोप फिरवून मला वर काढलं.

आता दुसऱ्या रोपानं वाचलो हे मान्य. ते मामांचं विमान, त्यात चमत्कार न्हाई. पण थांबवलं कुणी?

टपरीवर निकाल लागलेला. आप्पा म्हणले, "कबूल कर लेका. मामाचा आवाज काढलास आन् स्वतःचाच जीव वाचवलास. हुशार हायस!"

"आप्पा, तुटका रोप मला खाली बकेटीतनं दिसला व्हय?"

"मग योगायोग. चेष्टा केलीस, ती फळली."

"आन् बाळूभाऊबी आता म्हणतो आवाज कडेवरनं आला, ते?"

"बाळ्याला उन्हानं भ्रम झाला."

मला टाळ्या लई आवडत्यात, सगळ्यांना ठाऊक हाय. आयतं श्रेय ताटात वाढलेलं, आन् मी 'माझं न्हाई' म्हणून ताट सारतोय – एवढं तरी बघा की!

दुसऱ्या दिवशी दौंडला गेलो. मामांना सगळं सांगितलं. मामीला इचारलं, त्या दुपारी मामा काय करत व्हते? दचकून उठले? हात हलवला? मामी म्हणली, "झोपले व्हते. माशी बसली तरी हलले न्हाईत." घ्या. म्हंजी तिकडनंबी पुरावा न्हाई.

मामांनी खुणेनं सांगितलं, काढ. मी 'होल्ड' काढला, जीव लावून काढला. त्यांनी मान हलवली – न्हाई. आन् बोट पडलेल्या दाताच्या फटीवर ठेवलं.

"व्हय मामा, शिट्टी व्हती. मी ऐकली. बाळूभाऊनंबी ऐकली."

मामांनी तीन बोटं वर केली. एक मिटलं. उरलेली दोन माझ्यासमोर धरली आन् हसले.

कुणाचा आवाज, कुठनं आला, बिनआवाजाच्या माणसाचा कसा आला... आजपतोर मला ठाऊक न्हाई. समजावून सांगणारे लई भेटले, त्यातल्या एकालाबी ती शिट्टी काढून दाखवता आली न्हाई. बाळूभाऊ म्हणतो, ऐकला. मी म्हणतो, ऐकला. तिसरे तुम्ही. खुशाल न्हाई म्हणा.

यारी उचलली.