शालीच्या गालावरची सावली

मला लिहिण्याचा काही अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, एवढंच. चुकलं तर माफ करावं. काल नातीच्या रंगपेटीतली कोळशाची कांडी हाताळली, बोटं काळी झाली आणि सोलापूरची एक दुपार आठवली.

मी चित्रकला शिकत होतो. सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीवर वडील माझ्या धाकट्या बहिणीला, शालीला, घेऊन करकंबहून आले. टेंभुर्णीच्या स्थळाला तिचा फोटो पाठवायचा होता. मी नुकताच छायाप्रकाश शिकलो होतो. म्हणालो, "फोटो कशाला? मीच काढतो की."

खिडकीतून एकाच बाजूने ऊन येत होतं. शाली श्वास रोखून बसली. उन्हातला गाल मी कोरा सोडला, दुसऱ्यावर कोळसा घासून बोटाने पसरवला. हळूहळू सपाट कागदातून हनुवटी गोल होऊन वर आली.

"दादा, ह्यो गाल काळा का केलास रं?"

"सावली हाय ती, येडे. तिच्याबिगर गोलाई येत न्हाय."

वडील म्हणाले, "गप बस. शिकल्याला हाय त्यो."

शालीने नकळत आपलाच गाल पुसला. पावाच्या तुकड्याने कोळसा पुसून मला कागदावरचा गाल दोन मिनिटांत उजळता आला असता. मी मात्र मीच काढलेली सावली बघत राहिलो.

वडिलांनी तेच चित्र टेंभुर्णीला पाठवलं. महिन्याने त्यांचं पत्र आलं, गावातल्या मास्तरांनी लिहून दिलेलं. मुलीच्या तोंडावर डाग आहे म्हणून टेंभुर्णीकरांनी नकार दिला होता. ते गावभर झालं, म्हणून शालीला दोन मुलांच्या बिजवराला दिलं होतं. शेवटची ओळ होती: तुझी परीक्षा होती, म्हणून लग्नाचं कळवलं नाही.