मेकअपचा डबा मी परत केला

मैत्रिणींनो, आज आर्णीत आमच्या ओवीचा चौथा वाढदिवस झाला. माझ्या आत्यासासूबाईंनी खेळण्यातला मेकअपचा डबा आणला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरगी सावळी हाये. आतापासूनच पावडर लावत जाय."

ओवीनं माझा पदर ओढून हळूच विचारलं, "आई, मी खराब दिसतो काय?"

मी डबा उचलून त्यांच्या हातात दिला. "आत्याबाई, हे तुमीच घेऊन जा. माह्या पोरीले याची गरज नाही."

त्या न जेवताच निघून गेल्या. नवरा म्हणाला, "एका खेळण्यापायी कायले एवढं? उद्या फोन करून माफी माग."

पोरीसाठी खेळणं निवडताना तिचा रंग कशाला बघायचा? मी माफी मागणार नाही. तुम्ही मागितली असती का?