घंटी नसलेली सायकल

नांदेडला जाताना आम्ही शिरपूर फाट्यावर थांबायचो. गाडीच्या टपावरची गिअरची सायकल उतरवून मी माळावर एक चक्कर मारायचो. फाट्यावर काकड्या विकणारी मावशी दरवेळी हसायची, "घंटी नाई, कॅरेज नाई, हे कायची सायकल होय रे?"

एकदा तिनं हँडलच धरलं. "आज मले चालवून पाहू दे."

"पडशीन, बुढे!" चहाच्या टपरीवरून कुणीतरी हसलं.

"पडली त तुले उचलाले नाई बलावत!"

काकड्यांची टोपली माझ्याकडे देऊन, पदर खोचून ती डुगडुगत निघाली. परतताना टपरीवरचे पुरुष रस्त्यातच उभे होते. "सरका बे!" ती ओरडली. हुकूमच तो. सगळे सरकले.

आता फाट्यावर ती दिसत नाही. सायकलला मी अजून घंटी बसवलेली नाही. वळण आलं की ओरडतो, "सरका बे!"