कार्टूनला हॉल नाही!

भांडुपच्या आमच्या सोसायटीचा हॉल साखरपुड्याला मिळतो. आम्हा पोरांना जपानी विनोदी कार्टून मालिकेच्या या सीझनचा शेवटचा भाग तिथे एकत्र बघायचा होता, तर सेक्रेटरी काका म्हणाले, “कार्टूनला हॉल नाही! दहा सभासदांच्या सह्या आण.”

मी दारोदार पत्रकं वाटली. एकही सही नाही! मग चिडून मोबाईलवर मालिकाच दाखवत फिरले. त्यातल्या अंतराळयानाचा कप्तान रस्ता चुकतो, यान आचारी चालवतो आणि सगळे एकमेकांवर खेकसतात. तळमजल्यावरचे मालवणी आजोबा पोट धरून हसले.

“गो चेडवा, ही तर आपली कमिटी!”

पहिली सही त्यांची. संध्याकाळपर्यंत चौदा!

रविवारी हॉल भरला. शेवटी काकांनीच हळूच विचारलं, “पुढचा सीझन कधी गं?”

“दहा सह्या आणा, काका.”