सुमनआक्काचा कान

सुमनआक्का ड्रिल मशीन हनुवटीला लावून बघायची. बिट काढायचं, मशीनची पाठ हनुवटीखाली टेकवायची, डोळे मिटायचे आणि खटका दाबायचा. मिनिटभरात निकाल यायचा, "बेरिंग गेलंय." फलटणला बाजार समितीच्या मागे तिचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिनंच ते चालवलं. उसाच्या पाण्याच्या मोटारी असोत की आमच्यासारख्या सुतारांची मशिनं, सगळं तिच्याकडे यायचं. आक्काचा कान चुकत नाही, अशी साऱ्या तालुक्याची खात्री होती.

तोंडानं मात्र फटकळ. दारातून "जयभीम, आक्का" म्हटलं तर दखलच नाही. समोर जाऊन उभं राहायचं, मग ती म्हणायची, "हां, आता बोल. माज्या तोंडाकडं बघून बोल. नवरी हायस का लाजायला?" मला हा तिचा तोरा वाटायचा. बिघाड मशीनचा असला तरी झडती आधी आमची व्हायची. "खटका दाबायचा असतुया, गळा न्हाई. काय केलंस ह्येला?" मी काही केलं नाही म्हटलं की हसायची. "मशीन खोटं बोलत न्हाई. सुतार बोलतो."

एकदा माझ्या ड्रिलचा वेग बिघडला. खटका हलकेच दाबला तरी सुसाट सुटायचं, मध्येच गचके खाऊन मंद व्हायचं. एका बंगल्याच्या सागवानी दाराला कुलपासाठी भोक पाडताना त्यानं टवकाच उडवला. मालक जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. आक्कानं ड्रिल हनुवटीला लावून सांगितलं, "कार्बन झिजल्यात." कार्बन म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे; ते नवे घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तमाशा.

मी तणतणत दुकानात गेलो. आक्का पाठमोरी बसून तार गुंडाळत होती. तीनदा हाक मारली. तिसरी तर पलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू गेली, तो कप घेऊन आला. आक्का ढिम्म. तिच्या मागच्या टेबलावर तिचा फोन कोकलत होता.

मी समोर गेलो, तेव्हा माझा चेहरा बघूनच तिला कळलं.

"कवापासनं, आक्का?" मी विचारलं.

तिनं ड्रिल खोललं. स्विचच्या वायरी सोडवून वीज थेट मोटरला दिली. मोटर एका लयीत फिरली. "मोटार चांगली हाय, स्विच गेलाय," ती म्हणाली. "पयलंच खोलून बघाया पायजे हुतं. कार्बन झिजलं की चरचर येती, ती आता मला ऐकूच येत न्हाई रं. हनुवटीला निस्ते गचके कळत्यात."

नवा स्विच बसला. खटका हळू दाबला, तसं ड्रिल हळू फिरलं. मग तिनं माझा हात धरला. "लोक माज्या कानाच्या भरवशावर येत्यात. कानच गेला म्हनल्यावर दुकानाला कुलूप लागंल. तुला एकट्यालाच म्हाईत हाय. कुनाला सांगू नगंस."

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर, एवढ्या लोकांत तिनं मलाच विश्वासात घेतलं म्हणून जरा छातीही फुगली. मी बायकोलासुद्धा बोललो नाही.

गेल्या वर्षी आक्का गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही जुनी गिऱ्हाइकं मांडवात एका कडेला बसलो होतो. वडूजहून तिच्याकडे मोटारी आणणारा एक शेतकरी हळूच म्हणाला, "आता सांगाया हरकत न्हाई. आक्काला लय वरसं ऐकू येत नव्हतं. मला एकट्यालाच म्हाईत हुतं."

शेजारच्या प्लंबरचा चहाचा कप ओठाशीच थांबला. "तुमाला एकट्याला?"

मग वायरमन बोलला. मग चहावाला. मग मी. आमच्या गावात कुणाची भाजी करपली तरी दुपारपर्यंत बाजारात कळतं, आणि ही गोष्ट आम्ही पाच जण पोटात घेऊन बसलो होतो. आधी हसू फुटलं. मग कुणालाच वर बघवेना.

इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकानंही आपलं मशीन दुसरीकडे नेलं नव्हतं.