मोखाड्याच्या मांडवातली उष्टी ओळ

विलास आणि मी कल्याणच्या एका छापखान्यात कामाला आहोत. तो मशीन चालवतो, मी मुद्रितं तपासतो. माझी शाळा दहावीला सुटली, ऱ्हस्व-दीर्घ मात्र सुटलं नाही. त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला, "वऱ्हाडात ये." मी लगेच हो म्हटलं, कारण माझी कविता बंद पडली होती. कविकट्ट्यावर एक ज्येष्ठ म्हणाले होते, "छान आहे, पण हे कुठंतरी ऐकलंय." तेव्हापासून लिहिलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणाची तरी वाटायची आणि मी ती खोडायचो.

कल्याणहून एसटीनं वाडा, विक्रमगडमार्गे जव्हार. (शोधताना 'जव्हार' असंच लिहा, 'जवाहर' नव्हे.) घाटात पोटात ढवळत असेल तर पुढची जागा धरा. रोख रक्कम जव्हारलाच काढून घ्या. संध्याकाळी विलासनं शिरपामाळच्या उघड्या पठारावर नेलं. वारा असा, की मी टोपी दोन्ही हातांनी धरून उभा. "सोड की, उडाली तर गुजरातेत सापडेल," तो म्हणाला.

मुक्काम साखरशेतला, त्याच्या घरी. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. जेवताना त्याच्या मोठ्या बहिणीनं, ताईनं, मला बजावलं, "नवरीकडच्या बाया उद्या गाण्यातून चिडवतील. ज्याला चिडवलं त्यानंच उत्तर द्यायचं. आणि उष्टी ओळ चालत नाही हां."

म्हणजे आधी कुणी गायलेली ओळ. मला झोप लागेना. उष्ट्याचीच तर मला भीती होती.

सकाळी दोन जिपांतून वऱ्हाड मोखाड्याकडे निघालं. रस्ता वळणांचा, उन्हात चकाकणारा. पाणी जवळ ठेवा. मांडवाशी पोचलो, चष्म्यावरची धूळ पुसू लागलो, तोच नवरीच्या आत्यानं सूर धरला आणि बायांनी उचलला:

मांडवाच्या दारी कोण उभा राहिला,
चष्मा पुसता पुसता त्यानं नवरा नाही पाहिला.

सगळे माझ्याकडे वळले. ताई पुटपुटली, "बोल, नाहीतर दिवसभर हेच गातील."

रात्रभर जुळवलेलं मी म्हटलं. दोन्ही ओळी कोऱ्या, एकही शब्द उसना नाही:

डोंगरमाथ्यावरती उजळे सूर्याची ही पणती,
तुमच्या गाण्यासाठी आलो सोडून साऱ्या गणती.

कुणी उचललंच नाही. ढोलकीवालासुद्धा थांबला.

"बेस हाय, दादा," आत्या म्हणाली, "पन आमी धरायचं कुठशी?"

"दोन्ही ओळी माझ्याच आहेत," मी म्हणालो.

"मंग एकलाच गा."

मांडव हसला. ताईनं कोपरानं ढोसलं. "अरे, पहिली ओळ सगळ्यांची असते. ती तशीच ठेवायची. दुसरी तुझी."

माझे कान तापले होते. समोर वाढायला उभ्या असलेल्या बाया पळ्या हातात धरून माझी मजा बघत होत्या. मी आत्याचीच पहिली ओळ घेतली, आणि ती म्हणतानाच दुसरी आली:

मांडवाच्या दारी कोण उभा राहिला,
वाढणारी गात बसली, उपाशी तो राहिला.

'राहिला' दोनदा आलं, हे मला तेव्हाही खटकलं. पण आमच्या बायांनी पहिल्या शब्दापासून साथ धरली होती आणि दुसरी ओळ त्यांनी तीनतीनदा घोळवली. आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. "वाढा गं त्याला आधी," ती म्हणाली. पानात भात पडला तो डोंगराएवढा. तोही संपवला.

दुसऱ्या दिवशी जव्हारला परतताना जिपेत एक अनोळखी बाई मांडीवरच्या नातीला खेळवत गुणगुणत होती: "वाढणारी गात बसली, भात कोणी पाहिला." माझं खटकणारं यमक कुणीतरी रातोरात नीट केलं होतं.

"कुणाचं गाणं, मावशी?" मी विचारलं.

"आमचंच," ती म्हणाली.

कल्याणपर्यंत खिडकीशी हसत आलो.

आता पुन्हा लिहितोय. एखादी ओळ ऐकल्यासारखी वाटली तर खोडत नाही, तिच्याखाली दुसरी लिहून बघतो. परवा विलास सासरी जाऊन आला. तिथल्या पुढच्या लग्नात कुणीतरी माझी ओळ म्हटली, तर आत्यानं अडवलं म्हणे, "ही नको, ही उष्टी हाय."