नोराचा ब्रात

नोरा गेल्याचं तोमेकनं इमारतीच्या दारातच सांगितलं. मी सायकलला कुलूप लावत होते... नजर आपोआप वर, तिच्या बाल्कनीकडे गेली. हिरवं जाड कापड तिथंच फडफडत होतं.

द हेगमधली आमची इमारत पाडून महागडे फ्लॅट बांधायचं मालक कंपनीनं ठरवलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी नोरानं ते कापड बाल्कनीला बांधलं. सत्तरी ओलांडलेली आयरिश नर्स, आजी म्हटलं की चिडायची. "हा माझा ब्रात," ती म्हणाली. आयरिशमध्ये ब्रात म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, झेंडासुद्धा. तिच्या खालच्या मजल्यावरचा तोमेक पोलंडचा, गोदामात राबणारा. तो खो खो हसला. "आमच्यात ब्रात म्हणजे भाऊ! भावाला लटकवलंस?"

"बिनकामाचा असेल तर लटकवावाच."

मला पाडकामाविरुद्ध वाटायच्या पत्रकाचा मजकूरच सापडला. आपला भ्राता आणि तोमेकचा ब्रात एकाच कुळातले. नोराचा शब्दही मी त्यात ओढला आणि ठोकून दिलं, 'शब्द एक, मूळ एक, आपण एक.' नोरानं चष्मा कपाळावर चढवला.

"खोटं आहे हे. माझा शब्द वेगळ्या मुळाचा. नुसता आवाज सारखा."

"कोण तपासायला बसलंय, नोरा?"

"कंपनीचा वकील. आणि मी. नातं निघालं तरच शेजाऱ्यासाठी उभं राहायचं का गं? ज्याच्याशी निघत नाही, त्याला काढू द्यायचं घराबाहेर?"

माझी ओळ गेली, तिचं वाक्य छापलं. गणपतीत 'आपली माणसं' म्हणून गळ्यात पडणाऱ्या इथल्या मराठी मंडळींना मी तेच पत्रक दिलं, तर उत्तर आलं, "तू तुझा व्हिसा सांभाळ." सांभाळतेय की! पण व्हिसा सांभाळायला मान खाली घालावी लागते, हे कुणी ठरवलं?

गेल्या आठवड्यात कंपनीचा माणूस नोराचं घर ताब्यात घ्यायला आला. कापड उतरवा म्हणाला. मग आमच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही नातेवाईक?"

"नाही," मी आणि तोमेक एकदमच म्हणालो. खरं तेच.

तोमेक सरळ बाल्कनीत गेला, गाठी सोडल्या, कापड खांद्यावर टाकलं आणि जिना उतरला. स्वतःच्या बाल्कनीला त्यानं ते घट्ट बांधलं. त्याचा भाडेकरार अजून चालू आहे.

उतरवा म्हणाले होते ना? उतरवलं. एक मजला.